ताईच्या नावाची चौकट

“दार लोटून घ्या आणि बसा,” काका म्हणाले. जेवणं झाली होती, बाहेर अंधार पडला होता. दोघं पुतणे आणि धाकटी पुतणी सरकून बसली. “हे माझ्या एका मित्राच्या बाबतीत घडलं. त्याच्या तोंडून मी दोनदा ऐकलंय, दोन्ही वेळा शब्द तेच. सांगण्यात कमीजास्त झालं तर दोष माझा.”

तो मित्र एका हॉस्पिटलच्या तळघरात कॉम्प्युटरवर काम करायचा. रुग्णांचे कागद कसे छापायचे, त्याचे नियम लिहायचा. मजकूर एकीकडे, त्याचं रूप दुसरीकडे. नाव तेच, पण ते कोणत्या कागदात आलंय यावर त्याचं रूप ठरायचं. घरी सोडण्याच्या कागदात साधं. दुसरीकडे हलवण्याच्या कागदात ठळक. मृत्यूच्या दाखल्यात काळ्या चौकटीत, आणि चौकट त्या नावाएवढीच रुंद. म्हणजे छापण्याआधी प्रत्येक नावाने विचारायचं, माझ्या वर कोण, मी कोणत्या कागदात आहे? उत्तर येईल तसं रूप घ्यायचं.

सोळा नोव्हेंबर, सोमवार. नवे कागद दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुरू व्हायचे होते. त्याची थोरली बहीण तिसऱ्या मजल्यावर होती. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलेलं. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, सकाळी नऊला तिला घरी न्यायचं होतं. तिने संध्याकाळीच पिशवी भरून ठेवली.

“माझं नाव नीट छाप रे. नाहीतर इथेच ठेवून घेतील मला.”

“तुला? तुझ्या बडबडीने नर्सबाई आजच सोडायला निघाल्या होत्या.”

रात्री सव्वानऊला तो तपासणीला बसला. मृत्यूच्या दाखल्यात घालायला एक खोटं नाव हवं होतं. डोकं शिणलेलं. बोटांना जे सवयीचं होतं, तेच टाइप झालं. ताईचं नाव.

“सख्ख्या बहिणीचं?” पुतणी म्हणाली.

“मुद्दाम कोण करेल, बाळ? या कामातली माणसं अशीच चुकतात. खोटं नाव ऐन वेळी सुचत नाही, घरातलंच कुणाचं तरी येतं.”

चौकट बरोबर आली. नाव पाहून तो चरकला. घाईघाईने ते उचलून घरी सोडण्याच्या कागदात टाकलं.

चौकट तशीच.

तिथली, सकाळी घरी जाणाऱ्या बाकीच्या दहा जणांची नावं साधी होती. त्याने नियम वाचला, पुन्हा वाचला. चूक नव्हती. ताईचं नाव पुसून नव्याने लिहिलं. चौकट. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. चौकट.

मग त्याने त्या नावापासून एकेक पायरी वर विचारत जायचं ठरवलं. उत्तरं कागदावर छापायला लावली, सगळ्यात वर ते चौकटीतलं नाव. नावाच्या वर कोण? घरी सोडणे. त्याच्या वर? रुग्णाचा कागद. त्याच्या वर काहीच नसतं. विचारणं तिथे थांबतं.

थांबलं नाही.

प्रिंटर चालत राहिला. शब्द नव्हते. एकेक ओळ, कोरी... मग आणखी एक...

काका पुढे झुकले. मग हळूच म्हणाले, “काहीच नसतं, तर ओळसुद्धा आली नसती. वर कोणीतरी होतं. ते बोलत नव्हतं, इतकंच.”

कागद खिशात कोंबून तो जिने चढला. चारही.

ताई जागी होती. “धापा काय टाकतोस? कुत्रं लागलं का मागे?”

“काही नाही. झोप तू.”

“सकाळी उशीर करू नकोस हं.”

तिचा हात धरून तो उशाशी बसला. रात्रभर. डोळ्याला डोळा नाही. चार वाजता श्वास चालू होता. सव्वाचारला...

...

डॉक्टरांना कारण सापडलं नाही. आठला नवे कागद सुरू झाले. पहिला छापला गेला तो ताईचाच दाखला. नियम अगदी बरोबर चालला.

महिन्याने खिशात त्या रात्रीचा कागद सापडला. ताईचं नाव आता साधं होतं. बिनचौकटीचं.

चौकट खाली होती. कोऱ्या ओळी संपतात तिथे. रिकामी.

ताईचं नाव दोन अक्षरांचं. ही चौकट त्याहून लांब होती, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाएवढी.

त्याने मोजपट्टी काढली... आणि परत ठेवून दिली.