चढावरचे ब्रेक

उलटं घातलेलं एक नारिंगी जाकीट.

कापसात गुंडाळलेली कवळी, वरची.

मेट्रनबाईंचा डावा गुडघा.

"पुढे बघा. मागे मी आहे."

चढावर कोणी ब्रेक लावत नाही.

धुक्यातून वर येणारा एक हात... किंवा न येणारा.

*

रेल्वेचं फाटक बंद होतं. रविवारची सकाळ, मालगाडी संपता संपेना, आणि ती ताईच्या जुन्या सायकलवर एक पाय टेकून उभी.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. टोपलीतल्या डबीत जी कवळी होती तिचे मालक मुख्याध्यापक होते. आज त्यांचा निरोपसमारंभ होता, आणि दातांशिवाय 'विद्यार्थीमित्रांनो' त्यांना काही केल्या जमत नव्हतं. तिने शाळा सोडल्यानंतर सायकलला हात लावला तो आजच. त्यामुळे मालगाडीने शिट्टी दिली तशी ती दचकली, सायकल कलली, डबी रस्त्यावर पडून उघडली, आणि कवळी डांबरावर हसत बसली.

आजूबाजूला दर रविवारी तळ्यापर्यंत जाणाऱ्या, हेल्मेटवाल्या सायकलस्वारांचा घोळका जमला होता. त्यातल्या एका उंच माणसाने ती उचलली.

"हे तुमचे?"

"माझे नाहीत. म्हणजे... माझेच आहेत, पण माझ्या तोंडातले नाहीत."

"ते दिसतंय," तो म्हणाला. तेव्हा तिला कळलं की आपण भर रस्त्यात बत्तिशी दाखवत हसतोय.

फाटक उघडलं. घोळक्याची ओळ झाली आणि त्या ओळीत तीही आपोआप ओवली गेली. शाळेचं वळण आलं, गेलं. तिला बाहेर पडता येईना. हँडल थरथरत होतं. तेवढ्यात मानेमागून आवाज आला, "पुढे बघा. मागे मी आहे."

असं कोणी म्हटलं की माणूस मागेच बघतो. कवळी उचलणारा तोच, पण आता अंगात नारिंगी जाकीट. ढगळ, आणि उलटं घातलेलं; शिवण सगळी बाहेर.

पुढच्या वळणावर ओळ थांबली. सगळ्यांत पुढे एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून ड्युटीवर असलेल्या.

"ही कोण? हेल्मेट कुठंय हिचं?"

"दात पोचवायचेत यांना. शाळेत," मागून तो म्हणाला.

मेट्रनबाईंनी डबीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मग दात आधी. तळं नंतर."

आणि अख्खी ओळ वळली. मुख्याध्यापकांची कवळी एवढ्या बंदोबस्तात समारंभाला पोचली, की शिपायाने मोठं फाटक उघडलं.

पुढच्या रविवारी ती आपणहून आली. हेल्मेट घालून, डबी न घेता.

हात तिरपा, बोट जमिनीकडे: खड्डा

"ही ओळ म्हणजे एक जनावर आहे," मेट्रनबाईंनी तिला पहिल्याच दिवशी समजावलं. "डोकं मी. शेपूट तो; नारिंगी जाकीट ज्याच्या अंगात, तो शेपूट. मधलं सगळं पोट. पुढच्याने खड्डा दाखवला की तोच हात मागच्याला दाखवायचा, म्हणजे खबर शेपटापर्यंत जाते. डोकं प्रत्येक वळणावर थांबतं. शेपटाने हात वर केला, सगळे आले असं कळलं, की मगच हलतं. शेपूट कुणालाही ओलांडत नाही. आणि शेजारी शेजारी चालवायचं नाही. गप्पा मारायच्या तर एकामागे एक."

शेपटाची पाळी दर रविवारी बदलते, असंही त्या म्हणाल्या. ती बदलताना मात्र कोणी पाहिली नव्हती. ओळीतले बँकवाले काका तेवढे मिशीत हसले.

सगळ्यांत हळू तीच होती. त्यामुळे शेपटाच्या पुढे तीच, आणि तिच्यामागे तो. त्याचा चेहरा तिला फक्त थांब्यावर दिसायचा. एरवी तो म्हणजे मानेमागचा एक आवाज. ती रस्त्याशी बोलायची, उत्तर पाठीला मिळायचं.

"तुम्ही काय करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"लोक अडकले की?"

"अडकू नयेत म्हणून. अडकलेच तर दार उघडेपर्यंत गप्पा मारतो. काल एक आजी होत्या. दार उघडलं तर म्हणाल्या, आधी गोष्ट पुरी कर, मग येते बाहेर."

"मग केलीत पुरी?"

"नाही ना... मलाच शेवट माहीत नव्हता."

ती हसली, आणि हसताना हँडल हललं नाही. ते त्याने पाहिलंय, हे तिला पाठीने कळलं.

'तुम्ही'चं 'तू' केव्हातरी झालं. कोणत्या चढावर, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. भुरभुर पाऊस, ओल्या पानांचा वास, साखळीची एकसुरी कुरकुर, आणि मागून... "डावीकडे घे थोडं. वाळू आहे."

घरी ताई विचारायची, "रविवारी पहाटे? तू? जिला उठवायला भांडी वाजवावी लागायची?"

"व्यायाम होतो गं."

"हो ना. व्यायामाचं नाव काय?"

"ताई..."

"बरं, राहिलं. सायकल माझी आहे, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

तळहात खाली: हळू

मग एक वाईट गोष्ट घडली. तिचे पाय तयार झाले.

एका रविवारी तळ्याच्या चढावर तिने मान खाली घातली, पाय मारले, आणि मान वर केली तेव्हा ती पोटात होती; पुढे बँकवाले काका, मागे त्यांचे शेजारी, आणि दोघांचं तिच्या डोक्यावरून चाललेलं संभाषण फक्त साखरेच्या गोळ्यांविषयी. मानेमागे तो आवाज नव्हता. चढ सोपा होता, हवा छान होती, आणि तिला रडू येईल असं वाटलं.

पुढच्या रविवारी ती परत शेवटी होती. त्याच्याही पुढच्या रविवारी.

एकदा थांब्यावर त्याने तिची सायकल उलटी करून चाक फिरवलं. कान लावला. लिफ्टवाल्यांचे कान तसेच. वरच्या मजल्यावर काय घासतंय ते त्यांना तळमजल्यावर ऐकू येतं.

"ब्रेकची रबरं गेलीत."

"जुनी असतील."

"मागच्या महिन्यात मीच घातली."

"मग... उतारावर झिजली असतील."

त्याने खिशातून नवी रबरं काढली. बसवता बसवता, मान वर न करता, म्हणाला, "आपला जायचा रस्ता सगळा चढाचा आहे. येताना तू ब्रेक लावत नाहीस."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने बोटांचं काळं वंगण फडक्याला पुसलं, "झालं," म्हणाला, आणि केळं सोलून अर्धं तिला दिलं. बास. हसला असता तरी चाललं असतं. चिडला असता तर आणखीच बरं. ती अर्धं केळं हातात धरून राहिली.

आणि नेमकं त्याच वेळी मेट्रनबाईंनी तिला बाजूला बोलावलं.

"गुडघ्याचं ऑपरेशन आहे माझं. पुढच्या रविवारपासून डोकं तू."

"मी? बाई, मी सगळ्यांत हळू आहे."

"हळू आहेस की नाहीस ते मला नको सांगूस. चाळीस वर्षं लोकांची खोटी दुखणी पाहिलीत मी." बाईंनी गुडघा चोळला. "बाकीचे सगळे पुढे बघतात. तू सारखी मागे बघतेस. डोक्याला तेच यावं लागतं. तू नाही म्हणालीस तर ओळ बंद. रस्ता माहीत नसणाऱ्या, घाई असणाऱ्यांच्या हातात मी ही माणसं देणार नाही."

ती मागे का बघायची, ते बाईंना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. डोकं एका टोकाला, शेपूट दुसऱ्या. मध्ये सगळं पोट.

संध्याकाळी भाजी निवडताना ताई म्हणाली, "मग नाही म्हण."

"ओळ बंद पडेल."

"मग हो म्हण."

"मग तो मागचा आवाज..."

"असं," ताई म्हणाली. "म्हणजे व्यायामाला आवाजही आहे."

तिने त्याला फोन केला. "मी डोकं होऊ का?"

पलीकडे कुठल्याशा लिफ्टचं दार सरकलं. "हो."

"एवढंच?"

"तू चांगलं करशील."

"आणि तुला... काही नाही वाटणार?"

दार परत सरकलं. "आत माणसं आहेत, ठेवतो," तो म्हणाला.

तिने रात्रभर ठरवलं की पुन्हा त्याच्याशी बोलायचं नाही, आणि सकाळी उठून ब्रेक तपासले.

हात सरळ वर: सगळे आहेत

तिच्या पहिल्या रविवारी धुकं होतं. पुढे फक्त रस्ता. कुणाची पाठ नाही. मानेमागे काका बसलेल्या घशाने सारखे विचारत होते, "बरोबर चाललोय ना, पोरी?" पहिल्या वळणावर ती थांबली, वळली, आणि धुक्यात दूरवर एक नारिंगी ठिपका आला. हात वर.

तिनेही केला. तेवढंच. पण तो हात ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत थेट आला, मध्ये कुणाला लागला नाही.

दुसऱ्या वळणावरही तसंच. चढ लागल्यावर काकांचा आवाज मागे मागे पडत गेला.

तिसरं वळण तळ्याच्या वरचं. एकेक करून माणसं आली, पाय टेकले, पाणी प्यायली. काका नव्हते. आणि नारिंगी नव्हतं.

धुक्याचं पाणी व्हायला लागलं होतं. बारीक, टोचरं. "येतील गं," कोणीतरी म्हणालं. "चल पुढे, चहा तरी घेऊ. रस्ता त्याला पाठ आहे."

"हात दिसू दे."

"अगं, भिजतोय सगळे."

"भिजू या."

फोन लागेना. तिचे पाय परत उताराला जायला नुसते शिवशिवत होते. मिनिटभराचा रस्ता, जाऊन बघितलं तर... पण डोकं गेलं की मागून प्रत्येकजण आपापल्या अकलेने निघणार, घाटातून, या धुक्यात. ज्या माणसासाठी तिने इतके रविवार ब्रेक दाबले होते, त्याच्याकडे जायची वेळ आली तर एकच करायचं होतं... ब्रेक दाबून उभं राहायचं. तिने मूठ आवळली. हेल्मेटवरून पाणी गळ्यात उतरलं. ती हलली नाही, कुणाला हलू दिलं नाही.

मग वळणावर आधी काका दिसले. चालत, लंगडत, पोटरी धरून. त्यांच्यामागे तो. दोन हातांत दोन सायकली, घामाने आणि पावसाने निथळता.

हात वर कसा करणार? त्याने मान वर केली.

तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याबरोबर राग वर आला. "फोन कशाला असतो?"

"दोन्ही हात गुंतलेले होते."

"एक सायकल खाली ठेवायची."

"काका ऐकेनात. म्हणे, नवी आहे, ओरखडा येईल."

काका पोटरी चोळत खाली बसले. "याला म्हटलं, पळत जा, सांग तिला, नाहीतर निघून जातील. तर म्हणतो, ती नाही हलणार."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो चाकाची तार बघत राहिला.

"तुला कसं माहीत?"

"तुला थांबायचं असलं की तू थांबतेस," तो हळूच म्हणाला. "चढावरसुद्धा."

इतरांनी चहाचा विषय काढला.

*

त्या संध्याकाळी दोघं तळ्याच्या कडेच्या बंद रस्त्यावर गेले. तिथे गाड्यांना मनाई होती, पोट नव्हतं, मेट्रनबाई नव्हत्या. पाण्यावर वारा होता. ती सवयीने पुढे निघाली आणि तो सवयीने मागे राहिला, आणि थोडं अंतर गेल्यावर ती थांबली.

"शेजारी ये."

"नियम आहे."

"डोकं सांगतंय."

तो आला. चालत्या सायकलवर त्याचा चेहरा तिने पहिल्यांदाच पाहिला. वाऱ्याने डोळे बारीक झालेले. कानामागे वंगणाचा एक काळा डाग. इतके रविवार हा डाग आपल्यामागून येत होता, असं वाटून तिला हसू आलं.

"फोनवर काही बोलला का नाहीस?"

"लिफ्टमध्ये चार माणसं होती."

"आणि नसती तर?"

"नसती तर..." त्याच्या सायकलची साखळी दोन-तीन वेळा कुरकुरली. "म्हटलं असतं, नको होऊस डोकं. आणि ते चुकीचं झालं असतं. बाईंचं बरोबर आहे. पण आज पहिल्या वळणावर तू मागे वळलीस ना, तेव्हा वाटलं... एवढ्या ओळीत दोनच माणसं सारखी एकमेकांना शोधत असतात. पोट नुसतं चहा शोधतं."

तिने ब्रेकवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ती रबरं... मी मुद्दाम झिजवायचे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या जोडीपासून. म्हणून तर दुसरी खिशात ठेवली होती."

"मग बोलायचं ना."

"बोललो असतो तर तू पुढे गेली असतीस."

समोर छोटासा चढ आला. दोघांनी पाय मारले. वरपर्यंत जाईतो दोघांपैकी कुणीही पुढे गेलं नाही, आणि माथ्यावर तिने हँडलवरचा एक हात काढून त्याच्यासमोर धरला. कोणतीच खूण नव्हती ती. त्याने धरला.

फाटक बंद होतं त्या रविवारी, मालगाडी जाईपर्यंत नारिंगी जाकीट बँकवाल्या काकांच्या अंगात होतं.