दोनशे बारा होईपर्यंत

"अजून पडलास? लाज नाही वाटत?"

वडाळे तलावाच्या कट्ट्यावर बसून चारुता चक्क फोनवरच्या शेअरच्या भावाला झापत होती.

"पंखेवाली कंपनी ना?" शेजारून आवाज आला. "माझ्याकडेही तिचे शेअर आहेत. माझाही आकडा लाल, तोट्यातला."

तिनं वळून पाहिलं. कुरळे केस, हातात भेळेचा पुडा, आणि डोळे... अय्या, डोळ्यांबद्दल काय सांगू! संध्याकाळचा अख्खा तलाव त्यांत उतरला होता.

तो वरद. खांदा कॉलनीत राहायचा, कॉलेजात गणित शिकवायचा. चारुतानं ते शेअर पहिल्या पगारातून घेतले होते, दोनशे बाराला. का? तर ऑफिसात सगळ्यांनी घेतले म्हणून! आता भाव होता एकशे चाळीस.

"मग विकत का नाही?"

"विकले की चूक खरी होते ना! तोवर... तोवर काही झालेलंच नाही."

वरद खळखळून हसला. "गणिताच्या मास्तरानं खरं तर तुम्हाला ओरडायला हवं. पण मीही तेच करतोय!"

मग ठरलं. दोनशे बारा झाले की दोघांनी विकायचे. तोवर रोज पाचला इथेच भेटायचं, एकमेकांना धीर द्यायला.

दिवाळी गेली, थंडी आली. 'तुम्ही'चं हळूच 'तू' झालं. पाण्यावर सोनेरी ऊन तरंगायचं, भेळेच्या एकाच पुड्यात दोन हात जायचे, बोटं लागायची... आणि दोघंही एकदम बगळे बघायला लागायचे!

फेब्रुवारीत उकडायला लागलं आणि पंखेवाले शेअर सुसाट सुटले. एकशे सत्तर. एकशे पंच्याण्णव. ऑफिसात सगळे खूश! आणि चारुता? ती रोज देवापुढे पुटपुटायची, "आज थोडासा पडू दे ना रे..."

पण एका मंगळवारी दोनशे तेरा झालेच.

ती कट्ट्यावर आली ती पाय ओढतच.

"विकलेस?" वरदनं विचारलं.

"नाही."

"का गं?"

ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत राहिली. मग वरदचेच कान लाल झाले.

"चारुता... रागावू नकोस हं. मी माझे दिवाळीआधीच विकले. तोट्यात."

"काय? मग रोज येऊन फोनमध्ये काय बघायचास?"

"फोन कुठे बघत होतो? भाव वाढला की तुझा चेहरा उतरायचा. हे गणित मला सुटेचना. मग एके दिवशी सुटलं... निदान मला तसं वाटलं. चुकलं असेल तर सांग."

तलावावरून वारा आला. चारुतानं गाठ सोडली.

"उद्या सकाळी विकून टाकते."

"आणि पाचला?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

तिनं त्याच्या पुड्यातली शेवटची पुरी उचलली.

"बाजार साडेतीनलाच बंद होतो, वरदसर. पाचला मी भाव बघायला आले होते कधी?"