एकाच नावाच्या दोन मेथड

लिफ्ट बंद होती. चार जिने चढून तो आमच्या ऑफिसच्या दारात आला तेव्हा त्याला धाप लागली होती, आणि दोन्ही हातांत रुग्णाच्या श्वासावर नजर ठेवणारं मशीन होतं. मी दार धरलं.

"हे गप्प बसलं आणि एक बाई गेली," तो म्हणाला. "मी हॉस्पिटलचा टेक्निशियन. सगळे म्हणतात, आवाज मीच बंद केला."

"केला होतात?"

त्यानं नुसतं पाहिलं... विचारल्याची मलाच लाज वाटली.

मशीन आमच्या कंपनीचं आणि त्यातल्या अलार्मचा प्रोग्रॅम माझा, म्हणून तपासही माझ्याकडे आला. तो निलंबित होता, त्यामुळे रोज यायचा. समोर बसून मशीनला तऱ्हेतऱ्हेचे आकडे द्यायचा.

"तुमच्या कपाळाला आठी पडली की काहीतरी सापडतं."

"म्हणजे तुम्ही माझं कपाळच बघत बसता?"

"मशीन तर बोलत नाही... मग बघू कुठे?"

मी हसले. मग ती बाई आठवली, आणि दोघंही खाली बघू लागलो.

सहाव्या दिवशी सापडलं. अलार्मच्या जुन्या क्लासमधली, म्हणजे प्रोग्रॅमच्या जुन्या साच्यातली, 'वाजव' ही मेथड, म्हणजे आज्ञा, फक्त दिवा लावायची. त्याचा वारसा घेऊन मी नवा क्लास लिहिला होता, त्यात माझी 'वाजव' — मोठ्या आवाजाची. दोघींनी एकाच प्रकारचा आकडा घेतला असता, तर माझी जुनीच्या जागी बसली असती. ओव्हररायडिंग. पण जुनी पूर्णांक घ्यायची आणि मी दशांश लिहिला. जुनी हटलीच नाही. एका नावाच्या दोघी शेजारी-शेजारी नांदल्या. ओव्हरलोडिंग. मी चाचणी दशांशानं घेतली होती. हॉस्पिटलातलं मशीन पूर्णांक पाठवायचं, आणि जुनीच धावायची.

"म्हणजे दिवा लागला असणार," तो पुटपुटला. "बघायला खोलीत कोणी नव्हतं."

"चूक माझी आहे."

त्यानं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त कर," आमचे साहेब म्हणाले. "बाहेर चकार शब्द नको."

"आणि त्याची नोकरी?"

"मिळेल दुसरी."

मी सगळं लिहून काढलं, खाली सही केली आणि हॉस्पिटलला पाठवलं. दुसऱ्या दिवशी मला नारळ मिळाला.

तो जिन्यात उभा होता. "मला परत बोलावलंय. पण तुम्ही..." तो अडखळला. "तुम्ही मला आवडता. आज बोललो तर उपकार फेडल्यासारखं वाटेल."

"आणि नाही बोललात तर?"

"तर खोटेपणा होईल."

"मलाही तुम्ही..." पुढचं मी गिळलं. "आधी त्या बाईंच्या मुलीकडे जायचंय. तोंडानं सांगायला."

"मी येतो."

"तिच्यासमोर मी कोणाच्या आधारानं उभी राहणार नाही."

"मग बाहेर थांबतो."

तासाभरानं मी त्या मुलीच्या घरातून बाहेर आले. तो फुटपाथवर बसला होता.

"ती म्हणाली, पुन्हा येऊ नका," मी सांगितलं.

तो उठला. आम्ही चालू लागलो, मधे हातभर अंतर ठेवून. कोपऱ्यावर त्यानं हलकेच विचारलं, "उद्या भेटाल?"

"उद्या नाही," मी म्हणाले. "पण... विचारत राहा."