जांभूळडोहाचं गोड पाणी

चाळीस मुलींना दोन रात्री जंगलात तंबूत ठेवायचं आणि चाळीसच्या चाळीस धडधाकट परत आणायच्या! काम एवढंच होतं. पण त्याआधी कोणीतरी जाऊन जागा नीट पाहून यायला हवी होती. म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळी साडेआठला, ज्योत्स्ना, गजेंद्र आणि बुधाजी सातपुड्याच्या पायथ्याची शेवटची वस्ती मागे टाकून नाल्याच्या काठाने वर निघाले.

ज्योत्स्ना दर्यापूरकडच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गजेंद्र त्याच शाळेतला खेळाचा शिक्षक, सहा फूट उंच, छातीने दरवाजा अडेल असा. बुधाजीने जंगलात चौकीदार म्हणून तीस वर्षं काढली होती. आता निवृत्त झाल्यावर वाट दाखवायला तो सोबत येई. जीप आणि तिचा चालक कुंदन वस्तीपाशीच थांबले. पुढे चाकाची वाट नव्हती. मोबाइलची रेंजही तिथेच संपत होती.

ज्योत्स्नाच्या वहीत सव्वीस प्रश्न लिहिलेले होते. तंबूची जागा नाल्यापासून किती उंच? वर वाळलेली फांदी आहे का? आसपास आग्या मोहोळ? संडासाचे खड्डे पाण्याच्या खालच्या अंगाला घेता येतील का? एखादी मुलगी आजारी पडली, तर तिला जीपपर्यंत आणायला किती मिनिटं लागतील?

"मॅडम, तुमी तं वाघाचीबी हजेरी घेसान!" एक तंबू पाठीवर टाकून चालणारा गजेंद्र म्हणाला.

"गैरहजर असला तर बरंच आहे, सर," ज्योत्स्ना म्हणाली आणि पुन्हा पावलं मोजू लागली.

सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा होता. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पोरगी देण्याआधी सोयऱ्याच्या विहिरीचं पाणी चाखून पाहणारी माणसं ती! कुठेही नवं पाणी दिसलं की आधी एक ओंजळ तोंडात जाणार. गोड लागलं की पाणी चांगलं. मग पुढे कोणी काही विचारत नाही. शिबिराचं नाव निघालं तेव्हा नववीच्या मुलींनी पहिली चौकशी वाघाची केली नव्हती. "मॅडम, तिथं पानी गोड हाये का?" हेच त्यांनी विचारलं होतं.

वाट चढू लागली. सागाची मोठाली वाळकी पानं पायाखाली करकरत होती. ऊन कोवळं होतं, हवेत गारवा होता, आणि तरीही बुधाजी अधूनमधून थांबून मान वर करत होता.

"काय झालं, बुधाजी?"

"वानरं कोठी गेले आज?" तो म्हणाला. "या उंबरावर सकाळी जत्रा रायते त्यायची. एकबी नाई."

"गेले असतीन सोयऱ्याकडं!" गजेंद्र हसला. बुधाजी हसला नाही.

साडेदहाला ते जांभूळडोहावर पोहोचले, आणि ज्योत्स्नाचे डोळे निवले. नाल्याच्या वळणावर, पाण्यापासून पुरुषभर उंचीवर, गवताळ सपाट माळ. एका अंगाला खडकाची भिंत, म्हणजे वारा अडणार. वर धोकादायक फांदी नाही. आठ तंबू ऐसपैस मावतील. जणू कोणी तिची वही वाचूनच ही जागा घडवली होती! तिने एकामागून एक खुणा केल्या. गजेंद्रने तंबू ठोकून पाहिला. खुंट्या घट्ट बसल्या. बुधाजी वरच्या कड्याला मोहोळ आहे का ते बघायला निघून गेला.

ज्योत्स्ना डोहाशी उतरली. पाणी काचेसारखं! तळाचे खडे मोजता येतील इतकं नितळ. तिने पिशवीतून क्षार मोजायचं छोटं यंत्र काढलं. गावातल्या विहिरीत ते दोन हजाराच्या वर जायचं. इथे आकडा स्थिरावला: एकशे बत्तीस.

"एकशे बत्तीस!" ती आनंदाने म्हणाली आणि वहीत 'पाणी' या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

गजेंद्र तोवर काठावर पालथा पडला होता. त्याने ढोरासारखं तोंड लावून पाणी प्यायलं, मान वर केली, पुन्हा प्यायलं.

"बापा बापा! काय गोड हाये ना! जराकसा वास येते, पानं कुजले असतीन. पण पोरी तं येथून हालनारच नाई, मॅडम. प्या ना तुमी!"

ज्योत्स्नाने बाटली भरली. पण तिच्या थर्मासमध्ये घरचं पाणी अजून होतं, ते आधी संपवावं म्हणून ती बाटली तिने बाजूला ठेवली. घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. मग ती खडकावर बसून जागेचा नकाशा काढू लागली.

नकाशात डोह काढताना तिची पेन्सिल थांबली.

पाण्यावर काहीच हलत नव्हतं. पाणकिडे नव्हते. चतुर नव्हता. खड्यांमध्ये मासोळीचं एक पिल्लू नाही. काठाच्या दगडाखाली एक खेकडा उलटा पडला होता, पाय वर करून. इतकं नितळ पाणी, आणि त्यात राहायला कोणीच नाही?

वही मिटून ती उभी राहिली.

"मॅडम!" वरून बुधाजी ओरडत आला. त्याच्या हातात काठी होती, आणि काठीच्या टोकाला अडकवलेली प्लॅस्टिकची रिकामी बाटली. "पान्याले हात लावू नोका! फवारनीचं औषध हाये. वरतं दगडाखाली भेटली. मासोळी माराले कोनीतरी ओतलं. दोन वानरं मरून पडले तेथी!"

ज्योत्स्ना वळली. गजेंद्र तंबूच्या दाराशी बसला होता, आणि त्याला दरदरून घाम सुटला होता.

"मॅडम, पोटात मुरडा येऊन रायला," तो म्हणाला. त्याच्या ओठांवरून लाळ गळत होती.

तिने त्याचा चेहरा वर उचलला. भर उजेडातही इतक्या बारीक होऊ नयेत, अशा त्याच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणीहून बैलगाडीत घालून आणलेली माणसं तिने पाहिली होती. तिला सगळं कळलं. आणि हेही कळलं, की सरांनी पाणी पिण्याआधी तिने मोठ्याने एक आकडा सांगितला होता.

"मिठाचं पानी पाजून ओकवू का?" बुधाजीने विचारलं.

"नाही! काही पाजायचं नाही. श्वासात गेलं तर संपलं. ती बाटली पिशवीत बांधून घ्या, डॉक्टरांना नाव लागेल. बाकी सगळं इथेच टाका!"

गजेंद्र दोनशे पावलं चालला. मग एकदम गुडघ्यावर आला, ओकला, आणि त्याच्या मांड्यांचे स्नायू कातडीखाली वळवळू लागले. बुधाजीने कुऱ्हाडीने दोन बांबू तोडले. ज्योत्स्ना पळत जाऊन तंबू उपटून घेऊन आली. तंबूचं कापड बांबूंना दोरीने आवळून त्यांनी गजेंद्रला एका कुशीवर त्यात बांधलं. पुढे बुधाजी, बांबू खांद्यावर. मागची टोकं जमिनीवर घासत होती. दगड आला की ज्योत्स्नाने ती उचलायची.

ओढा! उचला! ओढा!

सकाळी तिने ही वाट मोजली होती. तीन हजार नऊशे पावलं. आता प्रत्येक पाऊल तिच्या हातांत उतरत होतं. तळवे सोलले. दर शंभर पावलांनी ती वाकायची, गजेंद्रचं तोंड फडक्याने पुसून काढायची, श्वास ऐकायची. छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज येऊ लागला होता.

"मॅडम," तो पुटपुटला, "सीमाले सांगू नोका. ते घाबरते."

"तुम्हीच सांगा सीमावहिनींना. बोलत राहा, सर. कबड्डीच्या संघातल्या मुलींची नावं सांगा."

"पायल… पायल चढाईले…" पुढचं नाव आलं नाही.

अर्ध्या वाटेवर खडकांमधली अरुंद खिंड होती, दोन्ही बाजूंनी बोरींच्या जाळ्यांनी भरलेली. तिच्या तोंडाशी बुधाजी थिजला.

जाळी हलत होती. आत काहीतरी फुरफुरत, चोखत, बोरं खात होतं. काळे केस दिसले. मग पांढुरकं नाक.

अस्वल!

दुसरी जवळची वाट नव्हती. मागे सरावं, तर वळसा तासाभराचा. आणि गजेंद्रकडे तासभर नव्हता! तेवढ्यात तो घशातून मोठ्याने घरघरला. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. त्याला फार दिसत नसावं. ते मान फिरवत हवा हुंगत होतं. वीस पावलं. जास्त नाही.

"हालू नोका," बुधाजी ओठांतल्या ओठांत बोलला. त्याने बांबू हळूच खाली टेकवले, कमरेची कुऱ्हाड काढली आणि तिच्या मागच्या बोथट बाजूने खडकावर हाणलं. टण्ण! "चाल बाबू, चाल! रस्ता सोड!" टण्ण! "मानूस हाये, चाल!" त्याच्या आवाजात राग नव्हता, दारात आडव्या बसलेल्या बैलाला उठवावं तसा तो बोलत होता.

अस्वल खाली आलं. क्षणभर त्याचं डोकं त्यांच्याच दिशेला होतं. ज्योत्स्ना गजेंद्रच्या पुढे येऊन उभी राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग एक चिडकी डरकाळी, जाळीचा कडकडाट, आणि काळं धूड उतारावरून घसरत दिसेनासं झालं!

ओढा! उचला!

वस्तीची पहिली कौलं दिसताच ज्योत्स्नाने फोन वर धरला. एक रेघ. "कुंदन, जीप नाल्यापर्यंत घे! आत्ता!"

पावणेएक वाजता जीप सुटली. दीडला ते अकोटच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं, दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि सुई शिरेत गेली. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्यानंतर छातीतली खळखळ थोडी कमी झाली. सीमा धावत आली, तेव्हा गजेंद्रला ती ओळखू आली.

"धोका अजून गेलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "पण अर्धा तास उशीर झाला असता तर मी हेही बोललो नसतो."

बाहेर व्हरांड्यात मुख्याध्यापिका बेबीताईंचा फोन आला. आधी सरांची चौकशी, मग शिबिराची: "ज्योत्स्ना, गाड्या ठरल्यात, मुली नाचून राहिल्या. जागा तं चांगली हाये म्हनतेस. पानी आपन टँकरनं नेऊ ना?"

"नको, ताई. शिबिर होणार नाही. मी त्या पाण्यापुढे बरोबरची खूण केली होती. त्यात मीठ किती ते मोजलं, आणि बाकी काहीच पाहिलं नाही."

"मग पोरीयले काय सांगू?"

"हेच सांगा."

बुधाजी दाराशी उभा होता, कुऱ्हाड खांद्यावर. "मी निंगतो, मॅडम. सांजच्याले जनावर पान्यावर येते. काटे टाका लागन."

ज्योत्स्नाने आपल्या सोललेल्या तळव्यांना दवाखान्यातली पट्टी गुंडाळली. "थांबा. मीही येते. वनखात्याला आणि वस्तीला वाटेतून कळवू."

पाच वाजता ते पुन्हा जांभूळडोहावर पोहोचले. ऊन कड्यावर चढलं होतं. पाणी तसंच होतं, नितळ, निवांत, हाक मारणारं. आणि पलीकडच्या काठावर एक चितळाची मादी उभी होती, तिच्या पोटाशी पाडस. मादीने पुढचे पाय टेकले. मान खाली झुकली. पाण्यात तिच्या तोंडाचं प्रतिबिंब वर येताना दिसलं.

ज्योत्स्ना ओरडली. शब्द नव्हता तो, नुसती किंकाळी! गेली पंधरा वर्षं वर्गात जिचा आवाज चढला नव्हता, तिची किंकाळी खडकांवर आपटून परत आली. मादी उसळली, पाडस उसळलं, आणि दोघं सागांमध्ये विरून गेली.

"पेली नाई," बुधाजी म्हणाला. "म्या पाह्यलं. पेली नाई."

मग दोघांनी बोरीच्या फांद्या ओढायला सुरुवात केली, आणि अंधार पडेपर्यंत डोहाचा काठ काट्यांनी बुजवला.