डब्यावरचा रुमाल

आठ दिवसांची झड थांबून त्या दिवशी ऊन पडलं होतं. वारा मात्र नव्हता. दोरीवरचं धडुतंसुद्धा हलत नव्हतं. साल दोन हजार नऊ.

माझ्या नातीचा, श्रुतीचा, कॉलेजचा अर्ज कॉम्प्युटरवरनं पाचच्या आत जायचा होता. नाही गेला तर वर्ष वाया. तिचे आईबाप शिरोलीला कामावर. घरात आम्ही दोघंच, आणि महिन्यापूर्वी बसवलेला वायफायचा डबा. दुपारपासून तो सारखा बंद पडत होता.

मला अक्षर येत नाही. जन्म फाउंड्रीत, भट्टीसमोर गेला. तापलेल्या वस्तूशी मी घाई करत नाही. श्रुतीनं फोन लावून एका मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "डबा तापतोय. वर काही झाकलंय का?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. "आबा! ह्यो रुमाल तुम्हीच टाकलासा न्हवं?"

क्रोशाचा पांढरा रुमाल. माझी बायडाबाई घरात आलेली प्रत्येक वस्तू अशीच झाकायची. टीव्ही, मिक्सर, फोन. मला वाटलं, जुन्यातलाच असेल. काढला, ट्रंकेत टाकला, कडी लावली.

अर्ध्या तासानं डबा परत गप्प. वर तोच रुमाल. ट्रंकेची कडी लावलेलीच.

"ही काय चेष्टा करायची वेळ हाय व्हय?" श्रुती किंचाळली.

मी रुमाल उचलला. त्याला बायडाबाईच्या मशेरीचा वास येत होता. आणि डब्याच्या दोन शिंगांसाठी त्यात बरोबर दोन भोकं विणलेली.

बायडाबाईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हा डबा तिनं बघितलाच नव्हता.

रुमाल परत ट्रंकेत कोंबला आणि डब्यासमोर पाट टाकून बसलो. पापणी लवली असेल तेवढीच. वर रुमाल.

उभ्या संसारात मी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "तुला कुणी शाळेत घातलं न्हाय म्हणून पोरीचंबी वाटोळं करतीस व्हय? सोड त्येला! सोड म्हणतो की!" आणि घरामागच्या परड्यातल्या चुलीत रुमाल घातला. दोरा जळताना येतो तसला वास नव्हता तो...

डब्याचे दिवे लागले. पाचाला चार मिनिटं कमी असताना अर्ज गेला. श्रुती रडत गळ्यात पडली.

मी राख झाडायला परड्यात आलो. शेजारी ज्ञानू कालच गगनबावड्याहून राहायला आला होता. तो भिंतीवरनं डोकावला.

"आबा, तुमच्या घरातनं आलेल्या आजी आमच्या पायरीवर बसल्यात... बोलत कायबी न्हाईत, नुसत्या हातावर फुंकर घालत्यात. कायतरी लावा की ओ, लई भाजलंय."