जांभळ्या चॅलेंजरचं इंजिन

“कापुस्ता, तुझ्या मालकिणीला सांग, कॉफी गार झालीय!”

झिगमुंट म्हाताऱ्यानं टेबलाखाली बघून फर्मावलं, आणि तिथे पसरलेल्या लठ्ठ कुत्र्यानं नुसता एक कान हलवला. मालकीण चार पावलांवर, शेगडीपुढेच उभी होती. तिला ऐकू येत नव्हतं असं मुळीच नाही... पण या घरात सासरा सुनेशी बोलत नसे. नऊ वर्षं! एका छपराखाली राहून, एका टेबलावर जेवून, नऊ वर्षांत तो माणूस तिच्याशी एक शब्दसुद्धा सरळ बोलला नव्हता. जे काही सांगायचं ते कुत्र्याला. आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेला, मग हा कापुस्ता आला, पण रिवाज तोच राहिला.

“कापुस्ता,” रेनाता पातेलीतल्या पिएरोगीच्या करंज्या उलटत म्हणाली, “बाबांना सांग, कॉफी गार झाली नाही. पेपर वाचता वाचता त्यांनीच ती गार केली. दुसरी ओततेय.”

“हिला उत्तरं बरी सुचतात!” म्हातारा कुत्र्याकडे तक्रार करत पुटपुटला, पण कप मात्र पुढे सरकवला.

हॅमट्रॅमक गावातल्या त्या पोलिश वस्तीच्या गल्लीत सगळ्यांना ही गंमत ठाऊक होती आणि सगळे हसायचे. रेनाताही हसायची. पण रात्री पाठ टेकली की त्या माउलीच्या काळजात जे व्हायचं, ते तिचं तिलाच ठाऊक! आईवेगळी वाढलेली पोर लग्न होऊन या घरात आली तेव्हा याच म्हाताऱ्यानं तिला दारातच रिवाजाप्रमाणे पाव आणि मीठ देऊन “ये गं पोरी” म्हटलं होतं. ते ‘पोरी’ पुन्हा एकदा ऐकायला मिळावं, एवढीच तिची आस होती. दुसरं तिला काही नको होतं.

भांडणाचं मूळ गॅरेजमध्ये होतं. सत्तर सालची डॉज चॅलेंजर, गर्द जांभळी, नाकापासून शेपटीपर्यंत नुसती मस्ती! झिगमुंट तरुणपणी याच गावच्या कारखान्यात कामाला होता, आणि ही गाडी तिथेच, त्याच्याच पाळीत तयार झालेली. पुढे कितीतरी वर्षांनी ती कुणाच्या तरी गोठ्यात कोंबड्यांखाली सापडली, तेव्हा बाप आणि थोरला मुलगा कॉनरॅड, म्हणजे रेनाताचा नवरा, दोघांनी ती उचलून आणली. कॉनरॅडनं इंजिन उतरवलं, आरशासारखं लख्ख केलं, लोखंडी घोडीवर चढवलं, वर चादर घातली. त्या इंजिनाच्या बाजूला गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले होते. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत त्या आकड्यांना केवढा मान! गाडीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर जुळला तर गाडी खरी, नाहीतर मग तिला कितीही नटवा.

आणि मग एका फेब्रुवारीत, दारातला बर्फ ओढता ओढता, कॉनरॅड खाली बसला तो पुन्हा उठलाच नाही. बेचाळीस वर्षांचा उमदा माणूस...! रेनाताचं सौभाग्य त्या दिवशी गेलं, आणि सहा महिन्यांनी घोडीवरचं इंजिनही गेलं.

“इंजिन कुठाय?” रिकामी घोडी बघून म्हाताऱ्यानं विचारलं होतं.

“मी विकलं, बाबा,” रेनाता म्हणाली होती. “ते डोळ्यांसमोर नको होतं मला.”

तो दिवस शेवटचा. “माझ्या लेकाच्या हाताचं काम विकलंस!” एवढं म्हणून सासऱ्यानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. शिकागोहून बहिणीचे फोन यायचे, ‘अगं, कशाला राबतेस त्या तुसड्या म्हाताऱ्यासाठी? इकडे निघून ये!’ पण त्याच्या हृदयाच्या गोळ्या कोण मोजून देणार होतं? रेनाता राहिली.

मग गेल्या ऑक्टोबरात तिच्या मनानं एकाएकी उचल खाल्ली. तिनं कम्युनिटी कॉलेजात दर शनिवारी जाऊन वेल्डिंग शिकून घेतलं, आणि एका सकाळी गॅरेजचं दार उघडून गाडीवरचं कापड ओढलं. गंजानं तळाला भोकं पडली होती. तिनं बाह्या सरसावल्या आणि पत्रा घासायला घेतला. पहिल्या दिवशी म्हातारा दारातून डोकावून गेला. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन आला. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला राहवेना.

“कापुस्ता! तिला सांग, पत्रा घासतात, बटाटे नाही सोलत! एका दिशेनं, एका दिशेनं!”

“कापुस्ता, त्यांना विचार, एवढं येतंय तर नुसते बसलेत कशाला?”

झालं! म्हातारा उठला, आणि तिथून जो हिवाळा सुरू झाला, तसा सुखाचा हिवाळा त्या घरानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. दोघं शेजारी शेजारी पाठीवर झोपून गाडीखाली काम करायची, पाना हवा असला तरी कुत्र्याकडे मागायची, आणि तो बिचारा दोघांच्या मधे घोरत पडलेला असायचा! मागच्या सीटच्या स्प्रिंगांत उंदरांनी कुरतडलेला, गाडीत काय काय बसवायचं याची यादी असलेला कारखान्याचा कागद सापडला तेव्हा म्हातारा लहान मुलासारखा टाळ्या पिटत सुटला. तिनं नवीन तळ जोडला, त्यानं दारं बसवली. मे महिन्यात जांभळा रंग चढला, आणि दोघंही गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून तासभर नुसती बघत राहिली.

“कापुस्ता,” म्हातारा हळूच म्हणाला, “वेल्डिंग बरं केलंय म्हणावं. आमच्या कारखान्यात खपलं असतं.”

रेनाता तोंड फिरवून स्वयंपाकघरात पळाली, आणि ओल्या डोळ्यांनी तिनं त्या दिवशी दोन माणसांसाठी बारा जणांचा स्वयंपाक केला.

आता इंजिन तेवढं राहिलं होतं. ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डच्या हमरस्त्यावर जुन्या गाड्यांची रांग लागते, तिथे गाडी न्यायचीच हा म्हाताऱ्याचा हट्ट. पण त्याच्या मनाला एकच बोच. तिथे प्रत्येक जण बॉनेट उघडायला लावणार, वाकून बघणार आणि विचारणार, ‘नंबर जुळतो का हो?’

जूनमधल्या एका रविवारी, चर्चहून येऊन दोघं टेकतात न टेकतात तोच धाकटा मुलगा टॅड टोलेडोहून आला. आल्या आल्या ओरडतच पिकअपमधून उतरला.

“बाबा! बाहेर या! सापडलं! वहिनीनं विकलेलं इंजिन सापडलं!”

पिकअपमध्ये ताडपत्रीखाली इंजिन होतं. रेनाता बाहेर आली. ते इंजिन सापडणं शक्यच नव्हतं... हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोघं आता एकमेकांची नजर चुकवत होती.

म्हातारा मात्र हरखून गेला. पिकअपवर चढायला त्याला कुणाचा हातही लागला नाही. त्यानं शर्टाच्या बाहीनंच ब्लॉक पुसला, चष्मा कपाळावर सारला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. जुळत होते! एक न् एक आकडा जुळत होता! “कॉनरॅड... माझ्या बाळा...” तो पुटपुटला. बोट पुन्हा मागे गेलं, पुन्हा पुढे आलं, आणि जागच्या जागी थांबलं.

“हे कुणी ठोकलं?”

“म्हणजे?” टॅडचा चेहरा उतरला.

“चार वर्षं मी हेच काम केलं, गाढवा! आम्ही सगळे आकडे एका साच्यात धरायचो आणि एका घावात उमटवायचो. एका ओळीत, सैनिकासारखे! हे एकेक करून ठोकलेत. हा पाच बघ, शेजारच्यावर रेललाय. खोटं आहे हे!”

त्यानं मान वळवली. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा... पहिल्यांदाच त्याचे डोळे रेनाताच्या डोळ्यांना भिडले.

“तू केलंस ना हे?” तो म्हणाला. “आधी माझ्या लेकाचं इंजिन विकलंस, आणि आता माझं तोंड बंद करायला हे खोटं घडवून आणलंस? याच्या हाती पाठवलंस?”

हाय रे दैवा! ज्या आवाजासाठी ती नऊ वर्षं तळमळली, तो आवाज आला तो असा! तिनं टॅडकडे पाहिलं. पांढराफटक पडला होता तो. मग मान खाली घालून ती म्हणाली,

“हो, बाबा. मीच.”

“पुरे, वहिनी! पुरे!” टॅड एकदम हंबरडा फोडून ओरडला. “किती वेळा माझ्यासाठी मरणार आहेस? बाबा, तिनं काही विकलं नाही! मी नेलं होतं ते इंजिन! दादा गेल्यावर... एकदा, फक्त एकदा त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकायचा होता मला. माझ्या गाडीत घातलं, शर्यतीच्या पट्टीवर नेलं आणि वेड्यासारखं पळवलं. इंजिनाच्या आतला दांडा तुटला, ब्लॉक फोडून बाहेर आला. तुकडे झाले, बाबा... भंगारात गेलं. तुमचं तेव्हा नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. मी वहिनीच्या पाया पडलो, ती म्हणाली, मी बघते. आणि हे आकडेही मीच ठोकले. मला वाटलं, इंजिन मिळालं की तुम्ही तिच्याशी बोलाल.”

म्हातारा पिकअपच्या कडेवर मटकन बसला.

“का?” त्यानं विचारलं. टॅडला नाही, तिला. “का गं बोलली नाहीस?”

“एक मुलगा देवानं नेला होता, बाबा,” रेनाता रडत म्हणाली. “तुम्ही रागाच्या भरात टॅडला घराबाहेर काढलं असतं. दुसरा मी कसा हिरावून घेऊ?”

झिगमुंटचे ते कारखान्यात कमावलेले रुंद खांदे गदगदा हलायला लागले. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“नऊ वर्षं...! अरे देवा, नऊ वर्षं मी कुत्र्याशी बोललो! आणि तू मला ऊन ऊन सूप वाढलंस! एखादीनं उंदराचं औषध घातलं असतं त्यात!”

“मनात यायचं अधूनमधून,” रेनाता डोळे पुसत म्हणाली.

आणि तिघंही एकदम हसली... रडता रडता हसली, हसता हसता रडली! म्हातारा धडपडत खाली उतरला, त्यानं सुनेचं डोकं आपल्या छातीशी धरलं, आणि तिच्या केसांत तोंड घालून पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, “पोरी... माझ्या पोरी... मला माफ कर गं!” त्या एका शब्दात तिची सगळी वर्षं धुऊन निघाली.

मग तो टॅडकडे वळला. टॅडनं डोळे मिटून घेतले.

“ग्राइंडर आण,” बाप म्हणाला. “ते आकडे घास. स्वच्छ घास, एका दिशेनं! माझ्या घरात आता एकही खोटं नको.”

“पण बाबा, मग नंबर...”

“खड्ड्यात गेला नंबर! इंजिन चांगलं आहे, तेच बसवायचं. आणि दर रविवारी येऊन काम करायचं, कळलं? तू फोडलेल्याची भरपाई.”

ऑगस्टातल्या त्या शनिवारी सकाळी म्हाताऱ्यानं सगळ्यात चांगला शर्ट घातला, आणि चावी रेनाताच्या हातात ठेवून स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसला. टॅड मागे, मांडीवर कुत्रा. रेनातानं चावी फिरवली मात्र, इंजिन असं काही गरजलं की शेजारची म्हातारी कुंडी टाकून अंगणात धावत आली! वुडवर्डला लागेपर्यंत झिगमुंटचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. क्लच असा दाब, डावीकडे बघ, त्या निळ्या गाडीला वाट देऊ नकोस, लग्नातला केक आठवतो का गं, तुझ्या आईचं नाव काय होतं... नऊ वर्षांचं साचलेलं सगळं तो एका रस्त्यावर बोलून टाकत होता, आणि रेनाता “हो बाबा, हो बाबा” करत ऐकत होती.

वाटेत सिग्नलला गाड्या थांबल्या. फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेला एक टोपीवाला म्हातारा उठून खिडकीशी वाकला.

“काय देखणी गाडी आहे! नंबर जुळतो का हो?”

“नाही!” झिगमुंट छाती काढून म्हणाला. “खरं इंजिन माझ्या पोरानं फोडलं. तो बघा मागे बसलाय, कुत्र्याआड लपून.”

“अरेरे! मग एवढी सुंदर बांधली कुणी?”

“हिनं. तळ तिचा, वेल्डिंग तिचं. मी आपला पाने द्यायला.”

टोपीवाल्यानं वाकून रेनाताकडे नीट पाहिलं. “ही मुलगी का तुमची?”

“मग काय, शेजारीण वाटली?” झिगमुंट खेकसला.

सिग्नल हिरवा झाला. मागून भोंगे वाजायला लागले, पण रेनाताला पुढचा रस्ताच दिसेना, डोळे नुसते भरून वाहत होते.

“अगं, रडतेस काय अशी?” म्हाताऱ्यानं स्वतःचेच डोळे पुसत तिच्या खांद्यावर थोपटलं. “गिअर टाक, पोरी!”