अर्जाची दुसरी प्रत

एकोणीसशे एकसष्टच्या उन्हाळ्यात, राजापेठेतल्या एका गल्लीत, काळा कोट घातलेला एक तरुण शेळीमागे धावत होता. शेळीच्या तोंडात कागद होते.

कमलाकांत मूळचा बार्शीटाकळीचा, अमरावतीत खुशालराव वकिलांच्या हाताखाली नवाच लागलेला. माणिकबाईच्या विहिरीच्या दाव्यातला अर्ज उद्याच कोर्टात द्यायचा होता. नाही दिला तर विहीर भावकीच्या घशात जाणार होती. आणि हा बहाद्दर अर्ज सायकलच्या कॅरिअरला अडकवून उसाचा रस पीत उभा राहिला!

शेळी एका ओट्यावर चढली. आतून एक मुलगी आली, तिनं शेळीचा कान धरला. हाती आलं ते एवढंच — ‘मेहेरबान कोर्टास’.

“बाकीचं?” तो धापा टाकत म्हणाला.

“पोटात.”

त्याचा चेहरा पाहून तिला हसू आवरेना. “रडू नका. टाइप मीच केलाय. वकील लोक कागद हरवतात, म्हणून कार्बनची एक जादा प्रत ठेवते ट्रंकेत.”

ती अनुपमा. वकिलांची टायपिंगची कामं घरीच करायची. तेवढ्यात तिची आई, दुर्गाबाई, डोकावली. “पोरगी पाहाले आले काय तुमी? आधी सांगाव त!” आणि पोहे भिजवायला पळालीही.

“नाही, मी... प्रत पाहाले...”

“बसा,” अनुपमा म्हणाली. “आई आता ऐकायची नाही.”

प्रत फिकी होती, कोर्टात चालली नसती. तो वाचू लागला, ती टाइप करू लागली.

“‘सदर विहीर...’”

“पुढं?”

“तुमच्या गालाले शाई लागली.”

“हे अर्जात घालू?”

पान काढलं, तर खालचा कागद कोरा! अक्षरं वरच्याच पानाच्या पाठीवर उमटलेली, तीही उलटी. तिनं कार्बन उलटा घातला होता.

“असं कधी होत नाही हो माझं,” ती पुटपुटली.

“मंग आज कावून झालं?”

“शेळीमुळं.”

“शेळी त केव्हाचीच गेली!”

ती लालेलाल झाली. “मग... तुमच्यामुळं. झालं समाधान? सांगा पुढं.”

माणिकबाईनं पुन्हा अंगठा दिला, अर्ज वेळेवर दाखल झाला. दुसऱ्या दिवशी कमलाकांत रिकाम्या हातानं दारात हजर.

“आता काय हरपलं, वकीलसाहेब?” दुर्गाबाईनं विचारलं.

“काही नाही. तुमची पोरगी... मागाले आलो.”

आतला टाइपरायटर एकदम थांबला. दुर्गाबाई पदर सावरत विचारात पडली.

“आई,” आतून आवाज आला, “हो म्हण ना लवकर!”